सिग्रिडच्या पोटातलं सोनं

जहाज लांब कसं करतात, हे मला लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच. मी सांगतो, पावासारखं. मधोमध कापायचं, दोन तुकडे बाजूला सारायचे, मध्ये नवा तुकडा घालायचा आणि परत चिकटवायचं. ऐकणाऱ्याला वाटतं मी थट्टा करतोय. खरं तर याहून जास्त काही नसतं. फक्त पाव चाळीस हजार टनांचा असतो आणि चिकटवायला नऊशे माणसं दोन महिने राबतात.

पालेर्मोच्या आक्वासान्ता वस्तीत माझं घर. घराखाली रस्ता, रस्त्यापलीकडे गोदीची भिंत. त्याच गोदीत मी वेल्डर. वस्तीतल्या प्रत्येक बाल्कनीतून जहाजं दिसतात आणि प्रत्येक बाल्कनीला जहाजांबद्दल मत आहे. त्यामुळे ‘सिग्रिड’ पंचवीस वर्षांनी गोदीत परत आली तेव्हा इंजिनिअरांच्या आधी वाळत घातलेल्या चादरींच्या आडून बायकांनीच तिची तपासणी केली. ती इथंच जन्मली होती, माहेरवाशीणच म्हणा. आता तिच्या नॉर्वेच्या मालकाला ती आखूड वाटत होती. त्याला चोवीस मीटर लांबी वाढवून हवी होती, दीडशे नव्या खोल्या हव्या होत्या, प्रत्येक खोलीला बाल्कनी आणि वर ऊन खात लोळायला अख्खा नवा डेक. शिवाय जहाज देखणं दिसायला हवं होतं. देखणेपणासाठी मिलानहून एक वास्तुकार आला होता. पांढरे बूट घालून गोदीत येणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. तिसऱ्या दिवशी ते बूट पांढरे राहिले नाहीत आणि आम्हा सगळ्यांना बरं वाटलं.

तरी एक गोष्ट तो बरोबर बोलला. अंग लांबलं की जुनं धुराडं बुटकं दिसणार, म्हणून तेही उंच करायचं आणि मागे कलतं ठेवायचं. माझ्या सासूबाईंनी हे बाल्कनीतून आधीच सांगितलं होतं.

सासूबाईंचं नाव आगातिना. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. त्या सिग्रिडच्या धर्ममाता. आमच्याकडे जहाज बांधताना तळाच्या कण्यात धर्ममातेच्या हातानं एक नाणं ठेवतात, म्हणजे समुद्र जहाजाला नडत नाही. त्या वेळी हा मान कुणा मंत्र्याच्या बायकोचा होता. तिला आदल्या दिवशी गालगुंड झालं. मग धावपळीत गोदीच्या खानावळीतल्या आगातिनाला एप्रन काढायला लावून उभं केलं. मालकाच्या बापानं तिच्या हातावर सोन्याचं नाणं ठेवलं, तिनं ते पितळी डबीत टाकलं, डबीचं झाकण जोडलं आणि डबी कण्यात बसवली. त्याचा फोटो आमच्या फ्रिजच्या वर आहे, संत रोझालिया आणि पोप यांच्या मधोमध. संतांना हे चालतं का, असं विचारायची हिंमत घरात कुणाची नाही.

तर मी त्या रात्री जेवताना सहज सांगितलं, “आई, सोमवारी तुमच्या लेकीला कापायला घेतोय. बरोब्बर मधोमध.”

त्यांचा काटा ताटातच थांबला. “मधोमध म्हणजे कुठं?”

“नाण्याच्या डबीला लागूनच. डबी आधी काढून घ्यायची आहे मला.”

“दोन मीटर पुढं काप.”

“अहो, जहाज आहे ते, सलामीचं सॉसेज नव्हे!”

“सलामी तरी तू धड कुठं कापतोस? जाड काप करतोस, तेही तिरके. ज्युसी, तुझ्या नवऱ्याला सांग, माझ्या लेकीच्या पोटात सुरी खुपसायची नाही. एकदा बाप्तिस्मा झालेल्याला असं मध्येच उघडत नाहीत.”

ज्युसीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, वर बघितलं नाही. सासू-जावयाच्या मध्ये पडायचं नाही हे ती तिच्या माहेरीच शिकलीय, आणि आमचं घर हेच तिचं माहेर. मी जावई असून सासूच्या घरात राहतो, हेही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं आश्चर्य नको.

मला वाटलं, म्हातारीचा जीव तुटतोय. मी त्यांच्या खांद्यावर हातही ठेवला. चोराच्या मनात चांदणं असतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक!

सोमवारी मी तळात शिरलो. डबी जागेवर होती, पण पंचवीस वर्षांत भोवतालच्या गंजानं अशी चिकटली होती की काढताना गॅस कटरची ज्योत झाकणाला चाटून गेली. झाकण एका बाजूनं उचकटलं. मी वाकून आत पाहिलं. सोनं बघायला कुणाला आवडत नाही?

आत टेलिफोनचं टोकन होतं.

जुन्या काळी सार्वजनिक फोनमध्ये टाकायचं ना, ते. तपकिरी, एका बाजूला एक खाच, दुसऱ्या बाजूला दोन. आता असे फोन राहिले नाहीत आणि टोकनंही. मी ते उलटंसुलटं केलं. मग माझी नजर त्याच हाताच्या बोटातल्या अंगठीकडे गेली. त्या वर्षी नाणं एप्रिलात ठेवलं होतं. आमचं लग्न जूनमधलं. माझ्याकडे अंगठीला दमडी नव्हती, तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं की तुझ्या स्वर्गवासी सासऱ्याच्या घड्याळाची साखळी वितळवून दोन अंगठ्या केल्यात. मी चर्चमध्ये सगळ्यांदेखत रडलो होतो.

घाबरून मी टोकन आत टाकलं आणि झाकण पुन्हा जोडून टाकलं. मोठा शहाणपणा केला असं तेव्हा वाटलं.

संध्याकाळी सासूबाई सार्डिन साफ करत होत्या. मी दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, “आई, सासऱ्यांकडे घड्याळ होतं?”

“त्याला वेळेशी काय देणंघेणं होतं? कधी वेळेवर घरी आला का तो?” त्यांनी माशाचं डोकं खुडलं. “उघडलीस ना डबी?”

“उघडली.”

“मग विचारतोस कशाला?”

“तुम्ही जहाजाचं सोनं चोरलंत!”

“हळू. चोरलं कुठं? माझ्या हातावर ठेवलं होतं, माझ्याच हातात राहिलं. एवढ्या मोठ्या लोखंडाच्या धुडाला एक चिमूट सोनं काय कळणार? आणि तू? माझ्या पोरीच्या बोटात पडद्याची कडी घालणार होतास.”

“मग डबी रिकामीच ठेवायची. टोकन कशाला?”

“रिकामी डबी वाजते का रे?”

मी कपाळाला हात लावला आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. शनिवारी दोन्ही तुकडे आणि नवा मधला भाग जागेवर येणार होते. मालक स्वतः येणार होता. तो जुनं नाणं सगळ्यांसमोर बाहेर काढणार, नव्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत ठेवणार आणि नव्या भागासाठी नवं सोन्याचं नाणं देणार. ते ठेवायचा मान पुन्हा आगातिनाबाईंचा. आमंत्रण तर घरी आलंच होतं.

“डबी माझ्या ताब्यात होती,” मी म्हणालो. “झाकणाचा जोड ताजा आहे, आंधळ्यालाही दिसेल. सोनं गेलं म्हटल्यावर चोर कोण ठरणार? नोकरी जाईल, पेन्शन जाईल, आणि तुमच्या नातीचं, नोएमीचं लग्न ऑक्टोबरात आहे. चोराच्या पोरीला कोण करून घेतं?”

“तिचा तो नवरामुलगा? पिझ्झा भाजतो आणि गिटार वाजवतो. त्यानं नखरे करू नयेत.”

“बाल्लारोच्या बाजारात खोटी नाणी मिळतात. पिवळी धमक. एक आणून टाकतो.”

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. खऱ्याखुऱ्या रागावल्या होत्या. “खोटं नाणं? जहाजात? तीन हजार माणसं बसतात त्यात! देवाला फसवायचंय तुला? असली लबाडी माझ्या घरात चालणार नाही.”

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. पण हे मी मनातच म्हणालो, कारण मासे अजून तळायचे होते.

त्या आठवड्यात मी जहाज कापलं तेवढंच माझं काळीजही कुरतडलं गेलं. मागचा तुकडा रुळांवरून सरकवला तेव्हा सिग्रिडच्या पोटातले सगळे मजले उघडे पडले. अर्धवट कापलेला गालिचा, अर्धा पाण्याचा पाइप, एक अर्धं न्हाणीघर, त्यात साबण अजून जागेवर. वस्तीतल्या बायका बाल्कन्यांतून बोटं दाखवत होत्या. मला वाटत होतं माझंच कुणीतरी असं उघडं करून ठेवलंय. मग नवा तुकडा आला, कोरा पांढरा, दोन्ही बाजूंना बाल्कन्यांच्या रांगा. शुक्रवारी आम्ही तिन्ही भाग एका रेषेत आणले. फरक किती राहिला? करंगळीच्या नखाएवढा. एरवी मी त्यावर महिनाभर छाती फुगवून फिरलो असतो.

शनिवारी गोदीत मंडप, वाजंत्री, पाद्री आणि पांढऱ्या बुटांची नवी जोडी. सासूबाई काळा रेशमी झगा घालून, ज्युसीच्या हाताला धरून आल्या. मालकाचं नाव हाउगलांड. शिडीसारखा उंच, बोलायला मऊ. त्याचं बोलणं आमच्या भाषेत सांगायला प्रकल्पाच्या इंजिनिअर व्हेल्लाबाई होत्या. माझी झाकली मूठ अजून सव्वा लाखाची होती.

हाउगलांडनं झाकण उचकटलं, डबी तळहातावर उलटी केली आणि बघत राहिला. व्हेल्लाबाईंनी बघितलं. पाद्रीनं मान लांब करून बघितलं. मग व्हेल्लाबाईंनी झाकण उचलून त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, “गास्पारे, हा जोड ताजा आहे.”

नऊशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं. यातल्या निम्म्यांबरोबर मी वीस वर्षं डबा खाल्लाय. खरं सांगावं तर सासू चोर, न सांगावं तर मी. मी उजव्या हातानं डाव्या हाताचं बोट झाकलं.

“त्याच्याकडे काय बघताय?” सासूबाईंचा आवाज आला. ज्युसीचा हात झिडकारून त्या एकट्याच लंगडत पुढं आल्या. “चोरी करायला अक्कल लागते, ती त्या गरिबाकडे कुठली! ते टोकन मी ठेवलंय, पंचवीस वर्षांपूर्वी. या हातानं.”

वाजंत्रीवाल्याच्या हातातली झांज निसटून खाली पडली. ती गोल फिरत पाद्रीच्या पायाशी जाऊन थांबली.

हाउगलांडनं काहीतरी विचारलं. व्हेल्लाबाई म्हणाल्या, “ते विचारतायत, का?”

“का म्हणजे? जहाज बुडायला लागलं तर समुद्राच्या तळाशी सोनं काय चाटायचंय? टोकन असलं तर माणसाला घरी फोन तरी करता येतो.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. व्हेल्लाबाईंनी तोंडावर हात ठेवून कसंबसं भाषांतर केलं. हाउगलांडच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. त्यानं पुन्हा विचारलं.

“आणि सोनं कुठं आहे, असं म्हणतायत.”

“ते काय, त्याच्या बोटात. अर्धं माझ्या पोरीच्या बोटात. दडवतोस काय, दाखव रे!” मी हात वर केला. मग त्या हाउगलांडकडे वळल्या. “तुमच्या सोन्यानं मी या गोदीतला सगळ्यात चांगला वेल्डर माझ्या घरात बांधून ठेवला. नाहीतर हा जर्मनीला पळणार होता. आज तुमचं जहाज कुणी जोडलं? नखाएवढा फरक ठेवून? जहाजाचं सोनं जहाजाच्याच कामी आलं. आता पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, पण खुर्ची द्या. गुडघे दुखतायत.”

पंचवीस वर्षांत त्या बाईनं माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

हाउगलांडनं स्वतः खुर्ची आणून दिली. मग गंभीरपणे, एकेक शब्द तोलत, त्यानं तिसरा प्रश्न विचारला. तोवर व्हेल्लाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “ते विचारतायत, पंचवीस वर्षांत फोन आला का?”

“नाही आला,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणजे बुडलं नाही.”

तेव्हा कुठं तो माणूस हसला. गोदी अशी गरजली की रस्त्यापलीकडच्या बाल्कन्यांतूनही टाळ्या आल्या, तिथं काही ऐकू गेलं नसताना. टोकन काचेच्या पेटीत गेलं. आजही सिग्रिडच्या दिवाणखान्यात ते आहे आणि प्रवासी त्याच्यासोबत फोटो काढतात, असं ऐकतो.

मग नवं नाणं आलं. मखमलीवर ठेवलेलं, पहिल्यापेक्षा मोठं. सासूबाईंनी ते आधी दाताखाली धरून बघितलं आणि समाधानानं मान हलवली. पाद्रीनं पाणी शिंपडलं. सगळे टाचा उंचावून बघत असताना त्यांची मूठ डबीवर गेली, उघडली, मिटली. डबीत काहीतरी खणकन वाजलं. त्यांनी लगेच दुसऱ्या हातानं झाकण दाबलं आणि माझ्याकडे बघितलं.

“जावईबापू, जोडा. आणि या वेळी नीट जोडा, पुन्हा उघडायची पाळी नको.”

मी चष्मा खाली ओढला आणि झाकण जोडलं. आत बघितलं नाही. असा जोड मी आयुष्यात दुसरा केलेला नाही, तो उघडायचा तर जहाजच कापावं लागेल.

ऑक्टोबरात नोएमीचं लग्न झालं. अंगठ्या चांगल्या जाडजूड आहेत. आजोबांच्या घड्याळाच्या साखळीच्या आहेत म्हणे. नवरामुलगा चर्चमध्ये खूप रडला.