सुखरामचा खोकला

रितानं सवयीप्रमाणे बापाच्या चपला उंबऱ्याशी मांडल्या. टाचा अंगणाकडे, अंगठे घराकडे. म्हणजे माणूस बाहेरून येऊन आत शिरलेला.

"उचल त्या," तृप्ती म्हणाली. "आज बाबा नाई पाह्यजे."

तिनं दोरीवरची लुंगी ओढली, चपलांसकट तांदळाच्या कोठीमागं कोंबली. रिता बघतच राहिली. तेरा वर्षांच्या पोरीनं वर्षभर ज्या बापाला मेहनतीनं घरात ठेवलं होतं, त्याला तिची सतरा वर्षांची बहीण दोन मिनिटांत घराबाहेर काढत होती.

आई जाऊन तीन वर्षं झाली. सुखराम मागच्या दिवाळीनंतर ठेकेदाराबरोबर हैदराबादकडे बांधकामावर गेला. पोळ्यापर्यंत त्याचे फोन यायचे, मग फोनच बंद झाला. घराला पुरुषाचा आधार लागतो म्हणतात. बाप कामावर गेला तेव्हापासूनच या पोरींनी तो आपल्या हातानं उभा केला. कोणी विचारलं तर बाप वरठीला कामाला आहे, अंधार पडल्यावर येतो, उजाडायच्या आत जातो. रोज लुंगी भिजवून वाळत घालायची. आणि दिवेलागणीला रितानं रिकाम्या माठात तोंड घालून खोकायचं. तो खोकला असा घोगरा, असा जुन्या विडीचा निघायचा, की पहिल्या दिवशी तृप्तीच दचकून उठून उभी राहिली होती. मग दोघी खूप हसल्या होत्या, आणि मग रिता रडली होती.

आज मात्र खरं सांगायचा दिवस होता. भंडाऱ्याच्या एका वसतिगृहात निराधार मुलींसाठी एक जागा उरली होती. चौकशीला मॅडम येणार होत्या, आणि यादी संध्याकाळी बंद व्हायची होती. तृप्तीची शाळा सुटली ती सुटली, ती लोकांच्या धानात राबत होती. पण रिता इथून निघाली पाहिजे, एवढं एकच तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

साधना मॅडम अकराला आल्या. गावात चारचाकी थांबली की माणसं मुंग्यांसारखी जमतात, तशी जमली. डोमाही पानटपरीवरून आला आणि कुंपणाशी मोटरसायकल लावून तिच्यावरच बसून राहिला. चाळिशीचा हा माणूस काय काम करतो ते गावाला कधी कळलं नाही, पण कोणत्या घरात कोण एकटं असतं ते त्याला बरोबर कळायचं.

"घरात कोण कोण राहतं?" मॅडमनी विचारलं.

"आमी दोघीच," तृप्ती म्हणाली. "बाबा वर्ष झालं, आला नाई."

डोमानं मान वर केली.

मॅडम शेजारच्या कुंताबाईकडे वळल्या. दोन्ही घरांत नुसतं एक कुडाचं कुंपण होतं. "तुम्ही शेजारी ना? खरं आहे हे?"

"दोघीच काहून?" कुंताबाई एवढ्या मोठ्यानं बोलली की रस्त्यापर्यंत ऐकू जावं. "बाप हाय ना पोरींचा! रोज येते, रोज जाते. त्याचा खोकला आयकतो ना मी."

"मावशी, तो खोकला रिताचा होय!" तृप्ती म्हणाली.

हशा पिकला. मॅडमही गालात हसल्या. "खोकून दाखव बरं, बाळ."

रितानं ओठ ओले केले. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं. मांजरीचं पिल्लू शिंकावं तसा एक खोकला आला.

"माठ लागते," ती हळूच म्हणाली.

मग तर लोक पोट धरून हसले. कोणीतरी कोठीमागून चपला शोधून आणल्या, कोणी लुंगी. ती अजून ओलीच होती. मॅडमचं हसू गेलं.

"ज्यांना खरंच कोणी नाही, अशा मुली वाट बघतायत," त्या तृप्तीला म्हणाल्या. रागावून नाही, थकून. कागदावर दोन ओळी लिहिल्या, कुंताबाईचा अंगठा घेतला आणि गेल्या.

दिवसभर दोघींनी चूल पेटवली नाही. संध्याकाळी मोटरसायकल घरावरून गेली. थोड्या वेळानं परत आली, या वेळी सावकाश. कुंपणाशी येऊन बंद झाली.

"ताई, खोकू का?"

तृप्तीनं माठ तिच्यापुढं सरकवला. रिता खोकली. छातीच्या तळापासून, हुबेहूब. बाहेर काहीच हललं नाही. आज सकाळी अख्ख्या गावानं या खोकल्याचं गुपित ऐकलं होतं.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "काय गा सुखराम! किती खोकलतेस! थांब, काढा आणतो मी, मंग बसू बोलत!"

तृप्तीनं दाराच्या फटीतून पाहिलं. कुंताबाई कंदील घेऊन कुंपणाशी उभी होती, आणि तिची नजर घराकडे नव्हतीच, ती डोमावर होती. मोटरसायकल सुरू झाली. गेली.

कुंताबाई आत आली. हातात काढा नव्हता, तिच्या मेलेल्या नवऱ्याचा सदरा होता.

"तुले मालूम होतं?" तृप्तीनं विचारलं.

"पोळ्यापासून."

"मंग काहून वं मावशी? जागा गेली ना तिची!"

"डोमा येथीच बसला होता. मॅडम निंगून जाते, तो येथीच राह्यते."

"बाजूले नेऊन सांगतीस."

कुंताबाईनं रिताकडे पाहिलं, मग खाली. "सुचलंच नाई वं," ती म्हणाली. "आयशप्पथ, सुचलंच नाई."

जाताना तिनं सदरा तृप्तीच्या हातात दिला. "एकच लुंगी किती दिवस वाळू घालशीन? लोक पाह्यतेत."

तृप्तीनं तो बादलीत बुडवला, कारण कोरडा सदरा कोणाला फसवत नाही. पिळला, झटकला, दोरीवर टाकला. मागं रितानं न सांगता चपला आणल्या आणि उंबऱ्याशी मांडल्या, अंगठे घराकडे.