माणशी दोन फूट

शनिवार, दिनांक २३ नोव्हेंबर १९७४, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. दोरीवरचे धुतलेले कापड मी उतरवले, फरशीवर पसरले आणि टेपने चार वेळा मोजले. चारही वेळा ते लांबीत सहा इंच आणि रुंदीत सहा इंच कमी भरले.

साताऱ्यातील आमच्या वसाहतीचे वनभोजन दुसऱ्या दिवशी पाटणजवळ नदीकाठच्या आवळीखाली ठरले होते. माणसे सोळा. मागील वर्षी प्रत्येक घराने आपापले वर्तमानपत्र अंथरले होते, आणि आम्हा दोघांच्या जवळ कोणाचेच पडले नव्हते. आम्ही छप्पन्न साली बौद्ध झालो. वसाहतीत त्याबद्दल कोणी बोलत नसे, आणि आमच्या घरचे कोणी खातही नसे. यंदा माझ्या पत्नीने, चंद्राबाईने, सर्वांसाठी एकच कापड शिवते असे बैठकीत सांगून टाकले. कोयनेच्या कामावर असताना साहेबांची कुटुंबे नदीकाठी अशा कापडाभोवती जेवताना तिने पाहिली होती.

वसाहतीचे चिटणीस नानासो म्हणाले, "शिवा की वैनी. टेबल न्हाई, टेबलक्लॉथ तरी हुईल."

सगळे हसले. येऊन बसतो, असे मात्र कोणी म्हटले नाही.

नकाशा मी काढला. यंत्रविद्येची पदविका घेऊन मी एकतीस वर्षे कारखान्यात काढली आहेत. मांडी घालून बसणाऱ्यास दोन फूट, सोळा जणांस बत्तीस, म्हणून नऊ फूट बाय सात. मांजरपाटाचे तीन पट्टे, शिवणीची सूट वेगळी. कापड आधी भिजवू का, असे चंद्राबाईने विचारले होते. नकाशाप्रमाणे काप, असे मी सांगितले. आयुष्यभर मी लोखंड मोजले. ते धुतल्याने आटत नाही.

आता परीघ तीस फूट होता. पंधरा माणसे.

"आसू द्या," ती म्हणाली. "मी वाढायला ऱ्हाईन उभी."

मला भीती होती ती याचीच. ती उभी राहिली असती, तर तिच्या पंगतीला न बसण्याची मंडळींची सोयच झाली असती.

एका कडेला एक फुटाचा पट्टा जोडला की परीघ पुन्हा बत्तीस होत होता. पेठ त्या दिवशी बंद होती. शेजारच्या सुलाबाईंकडे मांजरपाट होते, परंतु ते वाळवणाचे. त्यावर त्यांच्या कुरडया आणि सांडगे वाळत. आठ वर्षांत त्यांनी आमच्या घरचा चहा घेतला नव्हता. मागू नकोस, असे मी चंद्राबाईला दोनदा बजावले. ती गेली. मी घड्याळ पाहत बसलो. सतरा मिनिटे झाली.

दोघी बरोबरच आल्या. सुलाबाईंच्या काखेत कापडाची घडी होती. त्यांनी आधी माझा नकाशा न्याहाळला.

"रेघा लय झाक हायत, भावजी. पर कापड आदी भिजवत्यात, ह्ये तुमच्या कालेजात शिकवत न्हाईत व्हय?"

शिकवत नाहीत, असे मी सांगितले.

चंद्राबाईने कात्री हातात घेतली, पण चालवली नाही. "सुलाबाई, एकदा फाडलं की ह्ये परत वाळवणाला यायचं न्हाई."

सुलाबाईंनी घडी उलगडली. मग त्यांनी कापडाची कड दातांत धरली आणि एक फूट रुंदीचा पट्टा स्वतःच टरकावला.

"आता शिव बिगीनं," त्या म्हणाल्या.

उद्या बसाल का, हे विचारण्याचा मला धीर झाला नाही. शिवण पुरी होईपर्यंत त्या थांबल्या. चहा मात्र त्यांनी घेतला नाही.

रविवारी दुपारी सव्वा वाजता आवळीखाली कापड अंथरले आणि कोपऱ्यांवर दगड ठेवले. मी बसलो, माझ्या आग्रहाने चंद्राबाई बसली. उरलेले अठ्ठावीस फूट मोकळे होते. मंडळी डबे हातात घेऊन उभी होती. नानासोंनी गुडघ्याचे निमित्त सांगून पलीकडच्या खडकावर वर्तमानपत्र पसरले. दोघे त्यांच्यामागे गेले. चंद्राबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती.

सुलाबाईंनी आपल्या यजमानांकडे पाहिले. "आवं, बसा की. भाकरी वाळाय लागल्या." आणि भाकरीचे फडके कापडाच्या मध्यावर सोडून त्या खाली बसल्या.

त्यानंतर एकेक जण येत गेला. मी मोजले. सोळापैकी तेरा.