धुकं कोण काढतं

थोरल्याच्या दुकानात नवं काही मिळत नसे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर, त्या काळची ग्राफिक्स कार्डं आणि ती पुन्हा चालू करून घ्यायला येणारी चाळिशी-पन्नाशीतली माणसं, एवढ्यावर त्याचा धंदा होता. बहुतेकांना कॉलेजात खेळलेला एखादा गेम पुन्हा खेळायचा असे. नव्या कॉम्प्युटरवर तो चालायचाही, पण पाणी काळं दिसायचं, सावल्या गायब व्हायच्या, गाड्या दुप्पट वेगाने पळायच्या. मग कोणीतरी थोरल्याचा पत्ता द्यायचं. थोरला कार्डाचे सोनेरी दात खोडरबरने घासायचा, अडकलेला पंखा सोडवायचा, कार्डाला मानवेल तो ड्रायव्हर शोधून टाकायचा. फुगलेले कपॅसिटर बदलायचं काम बायकोचं. सोल्डरिंगला तिचा हात त्याच्यापेक्षा स्थिर होता. गिऱ्हाइकाने घाई केली की थोरला म्हणायचा, "नुसतं चालून काय उपयोग? जसं होतं तसं दिसलं पाहिजे."

या वेळचं काम मात्र घरचं होतं. रविवारी बाबांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. सगळे जेवायला जमणार होते. दोन जुनी मशीन शेजारीशेजारी मांडून त्यावर विमानांचा तो गेम लावायचा आणि धाकट्या भावाला सगळ्यांदेखत पुन्हा खेळायला बसवायचं, असं थोरल्याने ठरवलं होतं.

त्या गेमची गोष्ट घरात पाठ होती. थोरला ती प्रत्येक समारंभात सांगायचा.

बाबा टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. क्लासच्या दोन मशीनना त्यांनी चांगली ग्राफिक्स कार्डं आणली होती, एक मोठं, एक लहान. थोरला म्हणून मोठं थोरल्याला मिळालं, लहान धाकट्याला. रविवारी क्लास बंद असे तेव्हा दोघे भाऊ दोन खोल्यांत बसून, दाराखालून टाकलेल्या वायरीवरून एकमेकांशी खेळायचे. दरीत दोन विमानं, दरीभर धुकं. धुक्यात लपायचं आणि समोरच्याला शोधून पाडायचं. धाकटा सलग अकरा डाव जिंकला. बाराव्याला थोरला ओरडत उठला, "हा धुक्यातून मारतो! याला दिसतंय!"

"दिसतंय तर," धाकटा आतून म्हणाला. "तुला नाही दिसत?"

बाबा आले. त्यांनी आधी थोरल्याचा पडदा पाहिला. दरीत दाट पांढरं धुकं होतं. मग धाकट्याचा पाहिला. दरी लख्ख, एक ढग नाही.

"धुकं कोणी काढलं?" बाबांनी विचारलं.

धाकटा तेव्हा सतरा वर्षांचा होता. घाबरला की तो भराभर बोलायचा. म्हणाला, "बाबा, धुकं कार्ड काढतं. माझं कार्ड नाही काढत."

"कार्ड काढत नाही ना? मग तूच काढलंस."

"मी कसं काढीन? ते कार्डानं काढायचं असतं!"

खेळ बघायला आलेली क्लासची चार मुलं दारात उभी होती, ती खो-खो हसली. तेव्हापासून धाकट्याचं नाव झोल्या पडलं. तो रडत राहिला, पण कबूल झाला नाही, म्हणून बाबा जास्त चिडले. त्या वर्षी दोघांपैकी एकालाच कॉम्प्युटरच्या कोर्सला पाठवता येणार होतं आणि शिक्षकांच्या मते हात धाकट्याचा चांगला होता. बाबा म्हणाले, "ज्याला खेळात खोटं करायला मशीन लागतं, त्याच्या हातात मी मशीन देणार नाही." थोरला कोर्सला गेला. लहान कार्ड आईने उशीच्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात ठेवलं. धाकटा परीक्षा देऊन वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक झाला, दुकानोदुकानी जाऊन काटे खरे आहेत का ते बघू लागला. थोरल्याची गोष्ट संपायची ती इथेच. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" सगळे हसायचे. धाकटाही हसल्यासारखं करायचा.

थोरल्याने आईच्या कपाटातून लहान कार्ड मागून आणलं. आईने बजावलं, "झालं की परत आण. माझ्या कपाटातलं आहे ते." सहा कपॅसिटर फुगले होते. बायकोने बुधवारी ते बदलले. गुरुवारी दुपारी थोरल्याने कार्ड मशीनमध्ये बसवलं, कोऱ्या हार्ड डिस्कवर मूळ सीडीवरून गेम टाकला आणि सुरू केला.

दरी लख्ख होती.

त्याने ड्रायव्हर बदलला. दुसरा टाकला, तिसरा टाकला. गेम पुसून पुन्हा टाकला. दरी लख्खच. मग त्याने मशीन बंद करून लहान कार्ड काढलं, मोठं लावलं. बाकी कशाला हात लावला नाही. धुकं आलं. पुन्हा लहान लावलं, धुकं गेलं. असं त्याने चार वेळा केलं. चौथ्या वेळी बायको मागे येऊन उभी राहिली होती.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"काही नाही. हे कार्ड धुकं काढत नाही," थोरला सवयीने म्हणाला.

हे वाक्य तो वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना ऐकवत आला होता. आज ते शब्द त्याने स्वतःच ऐकले आणि ब्रश उचलला.

बायको स्टूल ओढून बसली. "भावजी हेच म्हणाले होते ना?"

"तो लहान होता. त्याला काय कळत होतं?"

"हेच शब्द, अहो. तुम्हीच दर वेळी नक्कल करून दाखवता. 'माझं कार्ड नाही काढत.' लोक हसतात ते त्यालाच."

"बाबांना वाटलं, काढलं म्हणजे पुसलं."

"बाबांना वाटलं. तुम्हाला काय वाटलं?"

कार्डाच्या कडेवर नसलेली धूळ थोरला ब्रशने झाडत राहिला.

"तीन वर्षांपूर्वी ते दातांचे डॉक्टर आले होते," ती म्हणाली. "त्यांच्या मशीनवर धुकं येत नव्हतं. तुम्ही अर्धा तास समजावलंत, काही कार्डांना धुकं काढताच येत नाही, ती त्यांची चूक नाही, जात आहे. तेव्हा घरचं आठवलं नाही? काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"नाही आठवलं."

"खरंच?"

"थोडं आठवलं," थोरला म्हणाला.

मग तिनेच विषय संपवला. "बरं झालं. रविवारी सगळे आहेत, बाबा आहेत, मशीन आहे. दोन कार्डं लावून दाखवा. दोन मिनिटांचं काम."

"वाढदिवस आहे त्यांचा. ऐंशीव्या वर्षी त्यांना सांगू, की तुम्ही मुलाचं वाटोळं केलंत?"

"त्यांनी एकट्यांनी केलं का?"

शुक्रवारी थोरल्याने फळीवरून मोठ्या कार्डाच्या जातीचं आणखी एक कार्ड काढलं आणि दुसऱ्या मशीनमध्ये बसवलं. दोन्ही पडद्यांवर धुकं आलं. बायकोने ते पाहिलं आणि सोल्डरिंगची कांडी पुसून ठेवून दिली.

रविवारी क्लासच्या जुन्या खोलीत दोन्ही मशीन मांडली गेली. बाबांना आता फार अंधुक दिसत होतं, तरी त्यांनी खुर्ची पडद्याला चिकटवून घेतली. आई पदराला हात पुसत दारात उभी राहिली. धाकटा आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता. ती दोन्ही जाडजूड मॉनिटर निरखत होती.

"या, झोल्यासाहेब," थोरला म्हणाला. आवाज नेहमीचाच ठेवायचा त्याने प्रयत्न केला. "आज सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे."

"नको रे दादा. सत्तावीस वर्षांनी काय खेळायचं."

"घाबरला!" बाबा म्हणाले. "धुकं आहे ना पडद्यावर?"

"आहे बाबा. दोन्हीकडे आहे."

"मग बरोबर. बसव त्याला."

मुलीने धाकट्याची बाही ओढली. "बाबा, तुम्ही खरंच चीटिंग केली होती?"

"आजोबांनी तसं ठरवलं होतं," धाकटा म्हणाला आणि बसला.

डाव मिनिटभरही चालला नाही. धाकट्याचं विमान सरळ धुक्यात शिरलं आणि डोंगरावर आदळलं. दुसऱ्या डावातही तेच. बाबा मांडीवर थाप मारून हसले. "बघा! झोल नाही केला की असं होतं!"

धाकट्याने की-बोर्डवरचे हात उचलले. तो पडद्याकडे बघत होता, एखाद्या दुकानातल्या काट्याकडे बघावं तसा.

"दादा, तुला हे असं दिसायचं?"

"हो."

"सगळे अकरा डाव?"

"हो."

"मग तू फार बरा खेळायचास," धाकटा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. थोरल्याने मान वळवली.

"आई म्हणत होती, माझं कार्ड तू नेलंस," धाकट्याने विचारलं. "यात तेच आहे का?"

सगळे थोरल्याकडे बघत होते, निदान त्याला तरी तसं वाटलं.

"नाही. ते मेलेलं होतं. चाललंच नाही," तो म्हणाला.

"अरेरे. मग मलाच दे. मेलं तर मेलं. दुसरं काय राहिलंय त्या मशीनचं."

"दुकानात राहिलं. आणून देईन."

"राहिलं नाही," बायको म्हणाली. "आईंनी परत मागितलं होतं, म्हणून मी आणलंय." तिने पिशवीतून उशीचा अभ्रा काढून धाकट्याच्या हातात दिला. "घ्या भावजी."

धाकट्याने अभ्रा उलगडला, कार्ड खिडकीपाशी नेलं आणि उजेडात धरलं. आधी मागची बाजू पाहिली, मग पुढची. एकेका कपॅसिटरवर बोट ठेवत त्याने मोजले. सहाही नवे होते. सोल्डरिंग चकचकीत होतं.

"वहिनी, काम तुमचं ना? सुबक आहे."

तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली.

त्याने कार्डाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "दातसुद्धा घासलेत. मयताचे दात कोणी घासतं का दादा?"

धाकटा थांबला. कार्ड तळहातावर धरून तो भावाकडे बघत उभा होता. दोन्ही मशीन चालू होती, पेचकस टेबलावरच पडला होता. दोन मिनिटांचं काम होतं.

"काय चाललंय?" बाबांनी विचारलं. "काय म्हणतोय हा?"

"काही नाही बाबा," थोरला म्हणाला. "जुनं कार्ड बघतोय."

धाकट्याने मान हलवली. दुकानात काटा खोटा निघाला, की मालकाशी वाद न घालता वहीत लिहून घ्यायची त्याची पद्धत होती. तशीच ही मान हलली. त्याने कार्ड अभ्र्यात गुंडाळलं.

जेवताना तो बाबांच्या शेजारी बसला आणि त्यांना वाढत राहिला. गोष्ट या वेळी कोणी सांगितली नाही. थोरल्याने ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. आईने विचारलं तेव्हा त्याने पित्त म्हणून सांगितलं. बायको पलीकडच्या टोकाला बसली होती.

निघताना थोरला भावाला सोडायला दारापर्यंत गेला. "ये रे पुन्हा," म्हणाला. धाकटा "बघू" म्हणाला आणि मुलीचा हात धरून जिना उतरू लागला. वळणापाशी मुलीचा आवाज वर आला.

"बाबा, हे कार्ड काय करतं?"

"सगळं करतं. फक्त धुकं काढत नाही."

"काढत नाही म्हणजे? चित्र काढतात तसं, का पुसून काढतात तसं?"

पावलं थांबली. थोरला दारात कठड्याला धरून उभा होता.

"चित्र काढतात तसं," शेवटी धाकटा म्हणाला. "चल. सांभाळून उतर."

पावलं खाली गेली, फाटक वाजलं. आत बाबा हाका मारत होते. त्यांना आणखी एक डाव बघायचा होता.