नारूमुक्त खेजडावास

जूनमधल्या त्या सकाळी कलावती चपलेचा तुटलेला अंगठा सुईदोऱ्याने शिवत बसली होती. तीन वर्षांतली ही तिची चौथी चप्पल. जयपूरच्या झोटवाड्याहून बस धरायची, कारखाने मागे टाकत सीकर रस्त्याने तास-दीड तास जायचं, उतरून तीन-चार मैल वाळू तुडवायची आणि संध्याकाळी तेच उलट करायचं, असा तिचा परिपाठ होता. नवरा दशरथ रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. त्याच्या बदलीमुळे बिऱ्हाड वाशीमकडून जयपूरला आलं. कलावती नर्सबाईचं शिक्षण घेतलेली, म्हणून तिला नारू निर्मूलनाच्या योजनेत तात्पुरती नेमणूक मिळाली. जिल्ह्यातली तेवीस गावं तिच्याकडे होती. त्या गावांतले नारूचे रोगी मोजायचे, तक्त्यात भरायचे आणि पाणी कापडाने गाळून प्या असं सांगायचं, एवढंच काम.

ज्यांच्या घरात नळ उघडला की पाणी येतं, त्यांच्यासाठी नारूबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. पायऱ्या उतरून पाणी भरायच्या उघड्या विहिरीचं, तिकडे जिला बावडी म्हणतात तिचं, पाणी प्यायलं की त्यातून हा रोग पोटात जातो. वर्षभर काही म्हणजे काही कळत नाही. मग पायावर फोड येतो, फुटतो, आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकं बाहेर काढतो. तो आगकाडीला गुंडाळायचा आणि रोज बोटभर ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सडतो. आग सहन होत नाही म्हणून माणूस पाय विहिरीच्या पाण्यात बुडवतो, आणि सगळं पाणी पुन्हा नासतं. औषध नाही. चांगलं पाणी मिळालं तर नारू संपतो, न मिळालं तर संपत नाही. इतकी साधी गोष्ट आहे ही.

"आज मोठा सायेब येते म्हनतं?" भीमाबाईने विचारलं. सासूबाई सत्तरीच्या, गुडघे धरलेले, पण कान शाबूत.

"हाव, आत्याबाई. खेजडावासले नारूमुक्त म्हनून कागद द्याचा हाय."

"हाय काय मुक्त?"

कलावतीने दाताने दोरा तोडला.

"त्या गावची सरपंचीन तुले आपल्या लोट्यातनं पानी देते ना? तिले मालूम हाय काय, आपन कोन?"

"तिनं इचारलं नाई."

"इचारलं नाई, का तुनं सांगतलं नाई?"

म्हातारीच्या प्रश्नाला कलावतीने पाठ दाखवली आणि पिशवी खांद्याला लावली. आतल्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो होता. बाहेरच्या खोलीत घरमालकाची ये-जा असे, म्हणून तो आत लावलेला. त्या फोटोकडे न बघता घराबाहेर पडायची तिला अलीकडे सवय लागली होती.

खरं सांगायचं तर सरपंचणीने विचारलं होतं. पहिल्याच दिवशी, तीन वर्षांपूर्वी. वाळूतून चालून कलावतीच्या घशाला कोरड पडलेली, आणि सरपंचाच्या ओसरीवर पितळेचा लोटा समोर आलेला. "कौन जात, बाईजी?" कलावती म्हणाली, "हम महाराष्ट्र के." त्या भागात पूर्वी बँकेत एक मराठी साहेब होता. तो गणपती बसवायचा, सोवळं नेसून आरती करायचा. तेव्हापासून महाराष्ट्र म्हणजे तोच, असं गावाने ठरवून टाकलेलं. "अच्छा, पंडितजी लोग!" सरपंचीण हसली आणि लोटा पुढे केला. कलावतीने नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. ती पाणी प्यायली.

आडनावावरून जात ओळखणारा कोणी तिथे नव्हता. परमुलखातली ही सोय फार माणसांनी वापरली असेल, आणि कलावतीला एकटीला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या एका लोट्याने तिला बांधून घेतलं. गावाच्या टोकाला दलितांची बस्ती होती, तीस-पस्तीस घरांची. पंडिताणी तिकडे जाणार नाही हे गावाने गृहीत धरलं, आणि ती गेली नाही. सरपंच छोगालालजी ओसरीवर बसून आकडे सांगायचे आणि ती लिहायची. पहिल्या वर्षी नऊ, दुसऱ्या वर्षी चार, यंदा शून्य. पहिल्या वर्षाच्या आकड्यावर सरकारने गावाला एक हातपंप दिला होता. तो सरपंचाच्या दारात बसला. बस्तीतल्या बायकांनी घडा दहा पावलं लांब ठेवायचा आणि कोणी दयाळू येऊन भरून देईल म्हणून उभं राहायचं, असा नियम झाला. दयाळू माणसांना शेतावर कामं असतात. बायका मुकाट्याने बावडीच्या पायऱ्या उतरत.

हे कलावतीला गेल्या आठवड्यात कळलं, तेही अपघाताने. बस बिघडली, तिला दुसऱ्या बाजूने गावात यावं लागलं आणि वाट बावडीवरून गेली. शेवटच्या पायरीवर धापू नावाची पंचविशीतली बाई पाय पाण्यात सोडून बसली होती. घोट्याजवळ काडी बांधलेली. कलावतीला पाहताच धापूने घागऱ्याने पाय झाकला.

"म्हांनै तो कही छै, बाईजी, कोई नै मत दिखाज्यो," धापू पुटपुटली. कोणाला दाखवू नका अशी सरपंचाची ताकीद होती.

कलावती तिच्यामागून बस्तीत गेली, तीन वर्षांत पहिल्यांदा. घरोघर वाकून तिने अकरा जण मोजले. एक रांगती पोर तेच पाणी पीत होती, पण तिला त्यात धरलं नाही, कारण किडा दिसायला अजून वर्ष भरायचं होतं. अकरा नावांचा कागद घडी करून तिने पिशवीच्या तळाशी ठेवला आणि आठ दिवस बाहेर काढला नाही.

जीप खेजडावासात बाराच्या सुमाराला आली. साहेब म्हणजे डॉक्टर वसंतराव, जयपूरच्या वैशाली नगरात राहणारे, दिल्लीहून बदलून आलेले. सज्जन माणूस, हे आधीच सांगतो. शाळेच्या भिंतीवर 'नारूमुक्त खेजडावास' असं रंगवून तयार होतं आणि रंग अजून हाताला लागत होता. हार झाले, चहा झाला. छोगालालजींनी मिशीवरून हात फिरवला.

"साहब, बाईजी तो आपकी ही बिरादरी की हैं. तीन साल से हमारे लोटे का पानी पीती हैं."

वसंतरावांनी चष्म्यावरून कलावतीकडे पाहिलं. तिच्या नेमणुकीची फाईल त्यांच्याच टेबलावरून गेलेली होती आणि तिच्यात जातीचा दाखला जोडलेला होता. त्यांना सगळं माहीत होतं. ते नुसते हसले, मग ओसरीच्या कडेला येऊन हळू आवाजात मराठीत म्हणाले, "काळजी करू नका, कलावतीबाई. माझ्या तोंडून काही जाणार नाही. परमुलखात आपणच एकमेकांना सांभाळून घ्यायला हवं."

ते मनापासून बोलत होते. हात उगारणारा माणूस कलावतीला समजला असता. हे सांभाळून घेणं मात्र तिला एकदम फार जड झालं.

"साहेब, जरा बस्तीत येता का?"

"आता? अजून दोन गावं आहेत, आणि हे ऊन बघा. तक्ता तयार आहे, सही करा म्हणजे झालं. तुमचा कायम नेमणुकीचा प्रस्तावही ह्याच महिन्यात वर पाठवायचाय."

"ह्या सहीनं गाव यादीतून निघंल ना? मग दुसरा पंप नाई."

"नाही मिळणार. रोगी नसताना पंप कशाला?"

"रोगी हायेत."

वसंतराव गोंधळले. त्यांनी तक्ता तिच्यापुढे धरला. "पण हा आकडा तुमचाच आहे. तीनही वर्षं तुम्हीच भरलाय."

अक्षर तिचं होतं. कलावती पायरी उतरली आणि बस्तीच्या दिशेने चालू लागली. दोनशे पावलं असतील. पंडिताणी कुठे निघाली म्हणून ओसरीवरची माणसं माना लांब करून बघत राहिली.

परत आली तेव्हा तिच्या कमरेवर मातीचा घडा होता. मागून धापू लंगडत येत होती, घागरा घोट्याच्या वर धरून. पंपापासून दहा पावलांवर धापूचे पाय आपोआप थांबले. कलावती थांबली नाही. तिने घडा पंपाखाली ठेवला आणि दांडा दोन्ही हातांनी धरला.

"बाईजी!" सरपंचीण आतून धावत आली. "ये क्या कर रही हैं? ये घड़ा किसका है?"

"मेरी बिरादरी का," कलावती म्हणाली.

पहिला जोर दिला तरी पाणी आलं नाही. दुसऱ्याला आलं.

"हम पंडित नहीं हैं. हमारे गाँव में भी हमें कुएँ को हाथ लगाने नहीं देते थे. तीन साल आपका पानी पिया और बताया नहीं. वो गलती मेरी है." तिचा आवाज चढला नव्हता. इतकी दमली होती की चढवायला तिच्यात आवाजच उरला नव्हता. मग ती वसंतरावांकडे वळली. "साहेब, ही एक. अजून दहा हायेत. नावं हे घ्या."

सरपंचणीने ओसरीवरचा पितळेचा लोटा उचलला, तोच तीन वर्षांचा, आणि बाहेर वाळूत भिरकावला. छोगालालजी काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. धापू रडायला लागली. जीप गेल्यावर गाव आपलं काय करील हे तिला कलावतीपेक्षा जास्त कळत होतं.

वसंतराव वाकले. धापूच्या घोट्यावरची काडी, तिच्यावर गुंडाळलेला पांढरा धागा, भोवतीची लाल सूज. नारूच्या योजनेतल्या ह्या अधिकाऱ्याने आजवर नारू तक्त्यांवर पाहिला होता, नकाशांवर पाहिला होता. माणसाच्या पायात त्यांनी तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग जीपच्या बॉनेटवर तक्ता ठेवून त्यांनी शून्यावर रेघ मारली आणि अकरा लिहिले.

"पंपाची जागा पण लिहा, साहेब."

"जागा पंचायत ठरवते."

"मंग पुन्ना ह्याच दारात बसंल. बस्तीत म्हनून लिहा."

त्यांचं पेन थांबलं. "लिहितो," ते शेवटी म्हणाले. "वर कोणी मानेल ह्याची हमी देत नाही. आणि तुमच्या प्रस्तावाचीही."

"ते समजलं मले."

जीप गेली. कलावतीला जीपमध्ये बसा म्हणावं हे कोणाला सुचलं नाही, किंवा सुचलंही असेल. मागे सरपंचीण राखेने पंपाचा दांडा घासत होती. कलावतीने धापूला धरून तिच्या झोपडीपर्यंत नेलं. भरलेला घडा पंपाखालीच राहिला होता. तो आणायला परत जायचं बळ दोघींच्यात नव्हतं.

कलावतीचा घसा वाळला होता. धापूने कोपऱ्यातल्या मडक्यावर योजनेतून वाटलेलं बारीक जाळीचं कापड दुहेरी धरलं आणि बावडीचं पाणी वाटीत गाळलं. वाटी हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

"थे पीवोला, बाईजी?" पिणार का, असं ती विचारत होती.

लोकांना कापडाने गाळून प्या असं कलावतीने तेवीस गावांत शेकडो वेळा सांगितलं होतं. स्वतः त्या कापडातलं पाणी एकदाही प्यायली नव्हती. तिने वाटी घेतली आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली.

घरी पोचायला दिवेलागण झाली. भीमाबाईने न विचारता कोमट पाण्याची परात पुढे सरकवली आणि सुनेचे पाय त्यात घेतले. टाचांच्या भेगांतली वाळू निघायला वेळ लागला. कलावतीने सगळं सांगितलं. म्हातारी मध्ये एकदाच बोलली.

"गाळलं होतं ना नीट?"

"दुहेरी कापडातनं."

"तरी बी सालभर पाय पाहात जाजो."

"पाहावं लागंल." कलावतीने डोळे मिटले. वर्षभर तिला काही कळणार नव्हतं. बस्तीतल्या त्या रांगत्या पोरीलाही कळणार नव्हतं. फरक इतकाच की कलावती ते पाणी एकदाच प्यायली होती.

थोड्या वेळाने तिने पिशवीतून वही काढली. तेवीस गावांचे आकडे, तीन वर्षांचे, सगळे तिच्या वळणदार अक्षरात. प्रत्येक गावात एक ओसरी होती. प्रत्येक ओसरीवर तिला कोणी ना कोणी पाणी दिलं होतं, आणि प्रत्येक गावाच्या टोकाला असलेली घरं तिने लांबूनच पाहिली होती. काही गावांपुढे शून्य होतं आणि त्या शून्यावर वरच्या कचेरीचे शिक्के बसलेले होते. तिने वही मिटली नाही. दशरथ कामावरून आला, जेवण झालं, तरी ती तशीच उघडी मांडीवर होती.

"नोकरी राह्यते काय?" भीमाबाईने विचारलं.

"महिनाअखेरपर्यंत तरी राहील."

म्हातारीने बोटांवर काही हिशेब केला. आजची तारीख अठरा होती. मग तिने दिव्याजवळ चप्पल ओढून घेतली आणि दुसऱ्या पायाचा अंगठा ओढून पाहिला. तोही सुटायला आला होता. सुई कलावतीच्या हातात देत ती म्हणाली, "उद्या कोनतं गाव?"

कलावतीने वहीचं पहिलं पान उघडलं.

"पयलं," ती म्हणाली, आणि दोरा ओवायला घेतला.