घोडीचा जांभळा पाय

माझी बायको तैलरंगात जनावरं रंगवते, पण दिसतात तशी नाही, तिला जाणवतात तशी. शेजारच्या काकांच्या घोडीचा मागचा पाय तिने खांबाएवढा जाड आणि जांभळा केला, तेव्हा काका भडकलेच. "ही काय थट्टा लावलीय?"

माझा मेव्हणा गुरांचा डॉक्टर. त्याने चित्र पाहिलं आणि तडक तबेल्यात जाऊन घोडीचा तोच पाय उचलला. खुरात खिळा रुतला होता! काका गारच पडले.

मी हुरळून बायकोला म्हणालो, "आता माझंही चित्र काढ."

आठवड्याने मेव्हणा ते बघायला आला. चित्रात माझं पोट हिरवंगार होतं आणि आतून ज्वाळा उसळत होत्या.

तो माझ्या कानाशी आला. "दाजी, ताईला चोरून काय खाताय?"