तेवीस पानं, बोटांसाठी लिहिलेली

मित्रांनो, तुमची-माझी ओळख नाही आणि त्यात तुमची काही चूक नाही. मी इंटरनेटच्या एका कोपऱ्यात राहणारी जुनी वेबसाइट आहे. माझी पानं अवघी तेवीस. माझ्यावर जाहिरात नाही, गाणं नाही, हलणारं चित्र नाही. पांढऱ्यावर काळी अक्षरं, तळाशी एक फोन नंबर, आणि आल्या-गेल्याने चार ओळी लिहाव्यात म्हणून एक अभिप्रायवही. ब्रेल टाइपरायटर बिघडला तर तो घरच्या घरी कसा दुरुस्त करायचा, एवढंच मी सांगते.

ब्रेल टाइपरायटर तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. त्याला सहाच मुख्य कळा असतात आणि मधोमध जागा सोडायची एक पट्टी. कळा दाबल्या की जाड कागदावर ठिपके उठतात आणि अंध माणसं ते बोटांनी वाचतात. यंत्र लोखंडी असतं, उचलताना कंबर सांभाळावी लागते. पण नीट राखलं तर माणसाला जन्मभर पुरतं.

मला घडवलं ते अशा यंत्रांच्या एका मेकॅनिकने. अंध मुलांच्या एका शाळेमागे लांबट खोली होती. तिथे चौतीस वर्षं ते ही यंत्रं उघडत, धूत, जुळवत आणि पुन्हा मुलांच्या हाती देत. सगळे त्यांना काका म्हणत. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कोणालाच नेमलं नाही. यंत्रं बिघडली की नवी मागवू, असं वरून सांगण्यात आलं. काकांनी वाद घातला नाही. हत्यारांची पेटी घेऊन ते घरी आले, आणि घरी त्यांचे हात शिवशिवू लागले. घरातली एकूण एक बिजागरी त्यांनी उघडून पुन्हा बसवली. स्वयंपाकघराच्या दाराची तर तीनदा.

त्यांची सून एका छापखान्यात पुस्तकांची पानं लावायचं काम करायची. चौथ्यांदा त्याच दारापाशी काका पेचकस घेऊन बसलेले दिसले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, दाराला आता जरा विश्रांती द्या. तुमच्या डोक्यात जे आहे ते मला सांगा. मी लिहून काढते आणि त्याची वेबसाइट करते."

"आणि ती कोण वाचणार?"

"ज्याचं यंत्र बिघडलंय, तो."

पुढच्या रविवारी सकाळी काका जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून एक जुनं यंत्र घेऊन बसले होते.

पहिलं पान सुनेने झोकात केलं. मोठा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'चित्रात दाखवल्याप्रमाणे मागचे स्क्रू काढा.'

"हे खोड," काका म्हणाले.

"का? फोटो तर किती स्पष्ट आलाय."

"अगं, पण हे यंत्र वापरतं कोण?"

 सुनेने ती ओळ खोडली. त्या दिवसापासून काकांनी एक रीत घालून घेतली. ते डोळे मिटून घेत, हातांनी काम करत आणि बोटांना जे लागेल तेच बोलत. 'उजव्या काठावरून दोन बोटं आत या. वाटाण्याएवढं थंड डोकं लागेल. तो पहिला स्क्रू. त्याच्या खाली, करंगळीच्या अंतरावर, दुसरा.' कुठे नुसतं 'इथे' किंवा 'असं' म्हणून गेले तर सून टाइप करायची थांबे. मग काका चरफडत, पुन्हा चाचपत आणि नेमका शब्द शोधत. एका परिच्छेदासाठी दोघं अकरा रविवार बसली. संगणकावर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा जो आवाज असतो, त्याच्याकडून प्रत्येक पान वाचून घेतल्याशिवाय काका ते पक्कं करत नसत. मित्रांनो, मला डोळ्यांनी तपासून कोणी घडवलं नाही. मी ऐकून ऐकून घडले.

तेवीस पानं व्हायला दीड वर्ष लागलं. मग हळूहळू लोक येऊ लागले. एका अंध टेलिफोन ऑपरेटरने अभिप्रायवहीत लिहिलं, 'आज मी माझं यंत्र पहिल्यांदा स्वतः उघडलं. आतून ते असं असतं हे मला चाळीस वर्षं ठाऊक नव्हतं.' काकांनी ती ओळ सुनेकडून दोनदा वाचून घेतली आणि मग उगाचच चष्मा पुसत बसले.

ते माझे चांगले दिवस होते. पुढे लोकांची शोधायची तऱ्हाच बदलली. काहीही हवं असलं की दोन-चार मोठ्या ठिकाणी जायचं, तिथे जे पुढ्यात येईल ते घ्यायचं आणि परतायचं. ही मोठी ठिकाणं वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. तिथे माणसांना बरंच काही सापडतं, नाहीतर एवढी गर्दी कशाला झाली असती? पण त्या गर्दीत माझ्यासारखीचा आवाज पोहोचेना. शोधणाऱ्यांच्या यादीत मी आधी नवव्या पानावर गेले, मग चाळिसाव्या. महिना-महिना कोणी फिरकेना. अभिप्रायवहीतली शेवटची नोंद चार वर्षांची जुनी झाली.

"बंद कर आता ती," काका एकदा म्हणाले. "कोणाला लागत नाही."

"राहू दे हो बाबा," सून म्हणाली. "तिला काय खायला-प्यायला लागतंय?"

आणि दरवर्षीप्रमाणे तिने माझी मुदत वाढवून घेतली.

त्यानंतर तीन महिन्यांनी माझ्याकडे गणिताच्या एक बाई आल्या. त्यांची सगळी हकिगत मला पुढे त्यांच्याच पत्रातून कळली. बाई स्वतः जन्मापासून अंध. एका लहानशा शाळेत सहा अंध मुलांना गणित शिकवायच्या. शाळेत चालू ब्रेल टाइपरायटर एकच होता, आणि सोमवारी परीक्षा असताना आधीच्या मंगळवारी तो अडला. कळा दाबल्या जात होत्या, ठिपकेही उठत होते. पण कॅरेज, म्हणजे टाइप करताना एकेक घर पुढे सरकणारा भाग, जागचा हलत नव्हता. सगळे ठिपके एकमेकांवर. नवं यंत्र यायला दोन महिने. ब्रेल छापून देणाऱ्या केंद्रात तीन आठवड्यांची रांग.

"तोंडी वाचून दाखवा प्रश्न, त्यात काय," असं कार्यालयातून सुचवण्यात आलं.

आदल्या वर्षी तसंच झालं होतं. लांबलचक अपूर्णांक नुसते कानांनी धरून ठेवायचे आणि सोडवायचे! वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी त्या दिवशी नापास झाली आणि मला गणित येत नाही असं तिने स्वतःच्या मनाशी ठरवून टाकलं. ते बाईंना खुपत होतं. पुन्हा ते होऊ द्यायचं नाही, म्हणून त्या यंत्र घरी घेऊन आल्या.

बाईंचे पती बस चालवायचे. ते कामावरून आले तेव्हा बाई संगणकापाशी बसून एक व्हिडिओ ऐकत होत्या. आधी जोरदार संगीत, मग एक माणूस सांगत होता, 'हे बघा, हे इथून असं फिरवा, की झालं.'

"काय फिरवायचं?" बाईंनी विचारलं.

नवऱ्याने पाहिलं. "दिसत नाही नीट. त्याचा हातच मध्ये आलाय."

एका मोठ्या समूहावर बाईंनी प्रश्न टाकला होता. चौदा उत्तरं आली होती. त्यांतली अकरा 'नवीन घ्या' अशी, आणि तीन नुसती हसणारी तोंडं.

"एवढ्या मोठ्या ठिकाणी नाही तर कुठे मिळणार?" नवरा म्हणाला.

"तिथे विकणाऱ्यांची सोय आहे रे. मला दुरुस्त करायचंय." बाईंनी व्हिडिओ बंद केला. "आम्ही कॉलेजात असताना असं एका जागी शोधायचो नाही. एका माणसाच्या पानावरून दुसऱ्याच्या पानावर जायचो. बघते तसंच करून."

मुलांसाठी हाताने मोजायचे मणिफलक करणारा एक सुतार त्यांना ठाऊक होता. त्याची एक साधीशी वेबसाइट होती. तिच्या तळाशी त्याने स्वतःला आवडलेल्या वेबसाइटींची यादी दिली होती. बाईंनी ती ऐकली. घुबडांच्या आवाजांची एक, जुन्या कुलपांची एक, आणि शाईच्या टाइपरायटरांचा संग्रह करणाऱ्या एका दंतवैद्याची एक. कुलपांपाशी त्या पंधरा मिनिटं रमल्या आणि नवऱ्याची बोलणी खाल्ली. मग त्या दंतवैद्याकडे गेल्या. त्याने आपल्या पानावर लिहून ठेवलं होतं, 'ब्रेलच्या यंत्रांतलं मला कळत नाही. ज्यांना कळतं ते इथे राहतात.' आणि पुढे माझा पत्ता.

बाईंनी माझं सहावं पान उघडलं. 'कॅरेज सरकत नसेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा जुनं वंगण सुकून घट्ट झालेलं असतं. उजव्या काठावरून दोन बोटं आत या.'

बाईंनी दोन बोटं आत नेली. वाटाण्याएवढं थंड डोकं लागलं.

"अरे," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हे माझ्यासाठी लिहिलंय."

दोन दिवस शाळा सुटल्यावर त्या यंत्रापाशी बसल्या. सुकलेलं वंगण खरवडलं, सगळे भाग पुसले, नवं तेल दिलं. शुक्रवारी संध्याकाळी एकच काम उरलं. कॅरेजला ओढणारी एक गुंडाळलेली स्प्रिंग असते. तिला उजवीकडे आठ फेरे द्यायचे होते. बाईंनी दिले. हात सोडला की स्प्रिंग भसकन सुटायची. चार वेळा झालं. पाचव्यांदा आतून काहीतरी कडकन वाजलं आणि बाईंनी हात काढून घेतला.

"तुटलं का?" नवऱ्याने विचारलं.

"माहीत नाही."  बाईंनी माझ्या तळाशी असलेला नंबर लावला. तो इतका जुना होता की कोणी उचलेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पलीकडे काका होते, ब्याऐंशी वर्षांचे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कड असा आवाज आला ना? खणखणीत की बसका?"

"खणखणीत."

"मग तुटलेलं नाही. स्प्रिंगला धरून ठेवणारं अडकण घसरलंय. पण असं व्हायला नको होतं. बाई, तुम्ही यंत्राच्या कोणत्या बाजूला बसला आहात?"

"समोर. टाइप करायला बसते तशी."

 

"मी पाठीमागे बसायचो," काका म्हणाले. "चौतीस वर्षं यंत्राची पाठ माझ्याकडे असायची. मी मुद्दाम डोळे मिटून सांगितलं सगळं, आणि बसलो कुठे आहे तेवढं सांगायचं राहिलं. माझं उजवं तुमचं डावं आहे."

"पण मग पहिला स्क्रू कसा सापडला?"

"दोन्ही काठांना सारखेच स्क्रू आहेत. म्हणून आजवर निभावलं."

बाईंनी यंत्र फिरवलं. काका फोनवर फेरे मोजत होते आणि बाई देत होत्या. आठव्या फेऱ्याला अडकण बसलं. बाईंनी यंत्र पुन्हा सरळ केलं, कागद घातला आणि पट्टी दाबली. कॅरेज एक घर सरकली. त्यांनी पुन्हा दाबली, पुन्हा, पुन्हा, आणि ओळ संपत आल्याची घंटी वाजली. ती काकांना फोनमधून ऐकू गेली. बाईंना पलीकडून ऐकू आलं ते एवढंच: "अगं, इकडे ये लवकर. घंटी ऐक."

शनिवार-रविवार बसून बाईंनी सहा प्रश्नपत्रिका टाइप केल्या. सोमवारी मुलांनी आपापल्या बोटांनी प्रश्न वाचले, हव्या तितक्या वेळा मागे जाऊन पुन्हा वाचले. आदल्या वर्षी नापास झालेल्या मुलीने सगळी गणितं सोडवली. एक चुकलं. ते का चुकलं यावर ती बाईंशी तासभर भांडली, आणि बाई सांगतात की तेवढं सुख त्यांना बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

त्याच आठवड्यात काकांनी सुनेला बसवून माझी सगळी पानं पुन्हा ऐकली. प्रत्येक उजवं-डावं तपासलं. आता माझ्या पहिल्या पानावर पहिलंच वाक्य असं आहे: 'यंत्राची पाठ स्वतःकडे करून बसा.' त्याखाली लिहिलं आहे, 'ही चूक सतरा वर्षं राहिली होती. गणिताच्या एका बाईंनी ती दाखवून दिली. त्यांचे आभार.' सून म्हणाली होती, बाबा, चूक दुरुस्त केली की झालं, जाहीर कशाला करायची? काका म्हणाले, तोवर ज्यांनी फेरे उलटे दिले असतील त्यांना कळायला नको का, की हात त्यांचा चुकला नव्हता?

मित्रांनो, असा माणूस माझ्या पानांमागे आहे, याचा मला अभिमान वाटतो. आणि मी काही एकटी नाही. मणिफलकांचा सुतार आहे, घुबडांचे आवाज जमवणारी एक बाई आहे, कुलपांचं वेड असलेला कोणी आहे. आपल्याला जे नीट येतं ते कोणी न सांगता लिहून ठेवणारी ही माणसं सगळीकडे विखुरलेली आहेत. आम्ही लहान वेबसाइटी तुमच्या पुढ्यात येऊन उभ्या राहणार नाही, तेवढं आमचं बळ नाही. तुम्हालाच दोन पावलं जास्त चालावं लागेल. एखादं पान आवडलं तर त्याच्या तळापर्यंत जा, तिथून पुढच्या पानावर जा, वाट चुकलात तरी हरकत नाही. लहान आहे म्हणून सगळं खरंच असेल असंही समजू नका. पडताळून पाहा, शंका आली तर विचारा. आम्ही किती दिवस राहू ते सांगता येत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणी कोणी येत नाही म्हणून गुपचूप बंद झाल्या, आणि त्यांच्याबरोबर एकेका माणसाचं जन्मभराचं शिकणं गेलं. म्हणून काही उपयोगी पडलं तर ज्याने लिहिलंय त्याला दोन ओळी पाठवा. फार कौतुक करायला नको. तुम्ही येऊन गेलात, एवढं कळलं तरी पुष्कळ होतं.