गालाखालचं लाकूड

"पहिली गोळी मी झाडणार," निशिकांत म्हणाला आणि मला हसूच आलं. हा माणूस! दिवाळीत शेजाऱ्यांनी नुसत्या फुलबाज्या लावल्या तरी दार ओढून घेणारा, कुकरच्या शिट्टीला दचकणारा माझा नवरा! हा म्हणे बंदूक चालवणार.

हसू टिकलं नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

श्रिया, आमची सतरा वर्षांची लेक, क्लबात रायफल शूटिंग करते. हात लांब, मान त्याहून लांब. तयार रायफलीचा लाकडी दस्ता, म्हणजे खांद्याला लावून गाल टेकायचा भाग, तिला कधी नीट बसलाच नाही. निशिकांत इथे सिंगापूरला, तुआसच्या कारखान्यात लाकडी साचे करतो. त्याने अक्रोडाचा दस्ता घडवायला घेतला. रायफल क्लबच्या कपाटातून बाहेर येत नाही, त्यामुळे सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये आलं ते फक्त लाकूड, तेही कोच मिस्टर लिमना विचारून. किती महिने तासणं, घासणं, मग जवसाचं तेल. शेवटचा हात दिल्यावरही तो गाल टेकायच्या जागेवरून अंगठा फिरवत बसायचा. नसलेली भेग शोधायचा.

का, ते मला ठाऊक होतं. लहानपणी सुतळी बॉम्ब विझला समजून त्याचा भाऊ प्रकाश खाली वाकला आणि डोळा गमावून बसला. निशिकांत शेजारीच उभा होता. आता हे लाकूड फुटलं, ढलपी उडाली, तर लेकीचा डोळा तिथून कितीसा लांब?

मीही काही कमी घाबरट नाही. रेंजवर निघायच्या दिवशी सकाळी तो अंघोळीला गेल्यावर मी दस्त्यावर, गाल टेकतो तिथेच, कुंकवाचं बोट ओढलं. गडद लाकडावर हळद उठून दिसली असती, म्हणून नुसतं कुंकू. मग जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं.

रेंजवर निशिकांतने फडकं सोडलं. मिस्टर लिमनी रायफलची नळी बसवून स्क्रू आवळले.

"बाबा, इट्स माय रायफल लाह!" श्रिया वैतागली.

"मागे हो. माझ्या मागे."

असा आवाज त्याने घरात कधी चढवला नव्हता. ती मागे सरली. तो आडवा झाला, गाल टेकवला. मी देवाचं नाव घ्यायला गेले, एकही धड आठवेना.

फट्!

त्याने हळूच मान वर केली. उजव्या डोळ्याच्या खाली लाल.

मी किंचाळले. "रक्त! निशी, रक्त!" मिस्टर लिमनी ओरडून सगळी रेंज थांबवली. "बाबा! बाबा!" करत श्रिया धावली. मिस्टर लिमनी टिशूने त्याचा गाल पुसला. कातडी धड होती. ते टिशूकडे बघतच राहिले.

"कुंकू आहे ते," मी कशीबशी म्हणाले.

"आई! व्हाय यू लाइक दॅट!" श्रिया रडत ओरडली.

निशिकांतने दस्त्यावरून अंगठा फिरवला. भेग नव्हती. गोळी निशाणाच्या कागदाला लागलीच नव्हती, पण ते कुणी विचारलंही नाही.

"चुकलं रे माझं," मी म्हणाले. "तुला दिसलं नसेल."

"फडकं सोडलं तेव्हाच दिसलं."

"मग पुसलं का नाहीस?"

"भीती वाटत होती गं."

तो उठला, लेकीला जागा दिली. श्रियाने डोळे पुसून तिथेच गाल टेकवला. निशिकांतने माझा हात दुखेस्तोवर आवळून धरला होता. पण डोळे मिटले नाहीत, लेकीकडे बघत राहिला.